जाऊबाईंचा हात

आधीच सांगून टाकते, मला वेड लागलं नव्हतं. दवाखान्यातल्या आयाबाईंपासून शेजारच्या कुंदाबाईपर्यंत सगळ्यांना तसंच वाटलं होतं, आणि कुंदाबाईने तर ते अर्ध्या मोहल्ल्यात सांगूनही टाकलं होतं. म्हणून ही पहिली ओळ खास तिच्यासाठी.

माझं नाव संध्या, वय चोपन्न. पूर्व नागपुरात आमचं घर आहे. सासरे हातमागावर लुगडी विणायचे. ते गेल्यावर माग मोडीत गेला आणि त्या खोलीत माझी शिलाई मशीन आली. तीस वर्षं झाली, मी ब्लाऊज शिवते. माझ्याकडचा ब्लाऊज घातलेली बाई दुसऱ्या टेलरकडे जात नाही, आणि गेलीच तर मी तिच्याशी बोलत नाही. आमचे हे म्हणतात, ‘तुह्या जिभेले लगाम नाही.’ नसू दे.

गेल्या वर्षी मला अर्धांगवायूचा झटका आला आणि डावी बाजू गेली. तेवढंच असतं तर लिहायला बसले नसते, असे झटके हजारोंना येतात. माझ्या बाबतीत मात्र भलतंच झालं. माझा डावा हात मला परका झाला. हलत नव्हता, ते वेगळं. तो माझा नव्हताच. मेंदूच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, असे पेशंट असतात, घरचे लोक घाबरून जातात, तुम्ही लिहा म्हणजे त्यांना आधार होईल. मुलगी पल्लवी टाइप करते आहे. ‘शुद्ध लिही आई,’ म्हणते. जमेल तेवढं लिहिते.

मशीनला तेल

लग्नसराई होती. सकाळचे अकरा वाजले असतील. कुण्या नवरीच्या मावशीचा ब्लाऊज मशीनवर होता. शिवण वाकडी जायला लागली. उसवली, पुन्हा घातली, पुन्हा वाकडी. शिवताना कापड सरळ ठेवायचं काम डाव्या हाताचं असतं, पण त्या हाताचा संशय मला यावा कसा? तीस वर्षांत त्याने कधी तक्रार केली नव्हती. मी मशीनला दोन शिव्या हासडल्या आणि तिला तेल द्यायला बसले. चांगला अर्धा तास मी मशीनचे सांधे पुसत होते, आणि तिकडे माझ्या डोक्यातली नस बंद पडत होती. कुणाला असं काही झालं तर मशीन सोडा, आधी दवाखाना गाठा.

हे जेवायला आले. दारातूनच म्हणाले, “तोंड काहून वाकडं करून राहिली?”

मला वाटलं चिडवत आहेत. “तुमच्यापेक्षा सरळच आहे,” म्हणायला गेले, तर शब्दांची लापशी झाली. उठायला गेले आणि स्टुलासकट पडले.

ऑटोत घालून मला धंतोलीतल्या एका दवाखान्यात नेलं. पुढचं तुकड्यातुकड्यांनी आठवतं. डोक्याचा फोटो काढायचा म्हणून नर्सने साबण लावून दोन्ही हातांतल्या बांगड्या काढल्या. त्यातली एक गेली. नर्स म्हणाली, “फुटली.” हे एवढे घाबरलेले, पांढरेफटक पडलेले, तरी म्हणाले, “फुटली नका म्हणू सिस्टर, वाढवली म्हणा.” ती त्यांच्याकडे बघतच राहिली.

फोटो झाल्यावर यांनी स्वतः माझ्या उजव्या हातात बांगड्या परत चढवल्या. डावा हात सुजला होता, त्यात त्या चढेनात. तो तसाच ओका राहिला.

कुणाचा तरी हात राहून गेला आहे

तिसऱ्या दिवशी सकाळी चांगली शुद्ध आली. पल्लवी पुण्याहून आली होती. मी तिला ओळखलं, तिची नोकरी विचारली, वाळली आहेस म्हणून रागावले. सगळं ठीक होतं. मग चादर सारली आणि पाहिलं, तर माझ्या बाजूला एक हात पडला होता.

थंड, जड, बिनबांगड्यांचा. मी नर्सला म्हटलं, “बाई, इथं कुणाचा तरी हात राहून गेला आहे. घेऊन जा.”

राउंडला डॉक्टर मॅडम आल्या. त्यांनी तो हात उचलून माझ्या समोर धरला. “हा कुणाचा हात आहे?”

“आमच्या जाऊबाईंचा.”

“त्या कुठे असतात?”

“काटोलले.”

“त्या काटोलला, आणि त्यांचा हात इथे?”

“घाईत राहून गेला असेल. त्यांचं नेहमीचंच आहे. मागे छत्री राहिली होती.”

आज मलाच हसू येतं. पण तेव्हा कुणी हसत नव्हतं. हे बाहेर जाऊन रडले, असं पल्लवीने नंतर सांगितलं. ती मात्र इंजिनीअर ना, तिने मला पटवायचं मनावर घेतलं. माझ्या खांद्यावर बोट ठेवून म्हणाली, “हा खांदा कुणाचा?”

“माझा.”

“दंड?”

“माझाच.”

“कोपर?”

“माझं. काय शाळा घेऊन राहिली का?”

“मग हा पंजा?”

“तो नाही.”

“अगं आई, जोडलेला आहे ना तो!”

“कुंदाबाईची भिंत आपल्या भिंतीला लागून नाही का? म्हणून तिचं घर आपलं झालं का?”

हे मी वाद घालायला बोलत नव्हते. एवढंच मला घरच्या लोकांना सांगायचं आहे. मला संशय वाटत नव्हता, गोंधळ वाटत नव्हता. पल्लवी माझी मुलगी आहे हे जितकं पक्कं माहीत होतं, तितकंच पक्कं हे माहीत होतं की तो पंजा माझा नाही. सख्खी मुलगी डोळ्यांत पाणी आणून सांगते आहे, आणि मला वाटायचं, हिचंच डोकं फिरलं बिचारीचं.

जाऊबाईच का, तेही सांगते. लीलाबाई म्हणजे यांच्या मोठ्या भावाची बायको. भाऊजी गेले त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून त्यांनी बांगड्या घातल्या नाहीत. आमच्या घरात ओका हात एकच होता. माझ्या आजारी डोक्याने उजवीकडे पाहिलं, हिरवा चुडा भरलेला हात, हा माझा. डावीकडे पाहिलं, ओका हात, हा जाऊबाईंचा. त्याच्या मते हिशेब जुळला होता.

मी कायले करू?

मॅडमनी आम्हाला साध्या भाषेत सांगितलं. हात आपला आहे ही जाणीवसुद्धा मेंदूच तयार करतो, आपल्याला वाटतं ती जन्मतः मिळाली. माझ्या मेंदूचा नेमका तो कोपरा मार खाऊन बसला होता. पण पहिले काही आठवडे फार मोलाचे. आता हाताला सारखं हलवत राहिलं, त्याच्याकडे लक्ष दिलं, तर तो परत येऊ शकतो. वाऱ्यावर सोडला तर आखडून जाईल, आणि मग शिवणकाम विसरा.

आणि मी तर तो हात ढकलून देत होते! फिजिओथेरपीच्या नाझनीन मॅडम आल्या की मी तोंड फिरवायची. “दुसऱ्याच्या हाताचा व्यायाम मी कायले करू? त्यांना बोलवा, त्यांचा हात त्या करतील.” दोनदा मी तो उजव्या हाताने उचलून पलंगावरून खाली टाकला. तो तसाच लोंबकळत राहिला आणि खांदा सुजला. दुखलं मला, तरी अक्कल आली नाही.

मग यांचा आणि पल्लवीचा वाद झाला. जाऊबाईंना बोलवावं असं पल्लवीचं म्हणणं. हे म्हणाले, “कोणत्या तोंडानं बोलवू? अकरा वर्षांत तुह्या आईनं एक फोन केला नाही त्यायले.” मी डोळे मिटून ऐकत होते. शेवटी पल्लवीनेच फोन लावला. “मोठी आई, तुझा हात आमच्याकडे आहे,” असं काहीतरी ती रडत रडत बोलली. काटोलहून दुपारच्या बसने जाऊबाई आल्या.

सगळ्यांना वाटलं, आता हिला खरं दिसेल. पल्लवीने त्यांना माझ्यासमोर उभं केलं. त्यांनी आपले दोन्ही हात पुढे धरले. मी त्यांच्याकडे पाहिलं, मग पलंगावर पाहिलं.

“तीन झाले,” मी म्हटलं.

जाऊबाई खुर्ची ओढून माझ्या डाव्या बाजूला बसल्या आणि तो हात स्वतःच्या मांडीवर घेतला. “होय वं, माह्याच हाय. तुले तरास होऊन राहिला ना त्याचा? आता मी आली. मी पाहतो त्याच्याकडं, तू झोप.”

मला काय बरं वाटलं म्हणून सांगू! त्या खोलीत एक तरी शहाणं माणूस आलं होतं. डॉक्टर मॅडमना ते फारसं पटलं नाही, पेशंटच्या भ्रमाला हो म्हणू नये म्हणाल्या. जाऊबाई त्यांना म्हणाल्या, “मॅडम, आईबापानं टाकलेल्या लेकराले कोणीतरी आपलं म्हणावं लागते. मायबाप म्हणतीन तवा म्हणतीन.” मॅडम मान हलवत गेल्या, पण नाही म्हणाल्या नाहीत.

हाताचे लाड

पंधरा दिवसांनी घरी आले. जाऊबाई सोबत आल्या. काटोलला त्यांची संत्र्याची बाग तोडणीवर आली होती, ती पुतण्याच्या भरवशावर टाकून आल्या. मला ते पुढे कळलं.

सकाळी उठल्यावर आधी त्या हाताला तेल, मग मला चहा. एकेक बोट धरून उघडायचं, मिटायचं, मनगट फिरवायचं. नाझनीन मॅडम आठवड्यातून तीनदा यायच्या, शिकवून जायच्या, आणि जाऊबाई तेच दिवसातून पाच वेळा करायच्या. त्याच्याशी बोलायच्या. “ऊठ गा बाप्पा, किती झोपशीन.” मी बाजूला पडून असायची, माझ्याशी मात्र कामापुरतं बोलणं. हळूहळू मला त्या हाताचा राग यायला लागला. भाकरी कुस्करून मला यांनी भरवायची, आणि त्या निकम्म्या हाताचे हे लाड! एकदा मी बोललेच, “माझ्या पायाला पण जरा तेल लावलं असतं तर काय झालं असतं?”

“पाय तुहा हाय, तू लाव,” जाऊबाई म्हणाल्या.

बरं, घरात सगळं गोडीगुलाबीने चाललं होतं असं समजू नका. हे माझ्यावर दोनदा ओरडले. मी एकदा वाटी फेकली, तीही उजव्या हाताने, नेम चुकला. पल्लवीची रजा संपली, ती परत गेली, जाताना बाथरूममध्ये तोंड धुऊन आली तरी डोळे लाल होते. मला वाटायचं, हे सगळं माझ्यामुळे, आणि मला त्यातलं काही कळतही नाही.

दिवसभर पडल्या पडल्या डोकं मात्र चालायचं. लहानपणापासून कीर्तनात ऐकलेलं, देह म्हणजे मी नाही. ऐकायला किती बरं वाटतं! माझ्या बाबतीत एका पंज्यापुरतं ते खरं झालं होतं, आणि काय सांगू, मोक्ष वगैरे काही वाटत नाही हो. नुसती अडचण होते.

मला नेहमी वाटायचं, आत एक मालकीण बसली आहे, ती म्हणजे मी. हात-पाय-डोळे तिची नोकरमाणसं. आता मी पाहत होते तर मालकीण होती तशीच होती, भांडत होती, टोमणे मारत होती, आणि एक अख्खा पंजा हरवला तरी तिला पत्ता नव्हता. उलट तो दुसऱ्याच्या नावावर करून ती निवांत होती. उद्या दुसरी एखादी नस बंद पडली आणि नवराच परका वाटला, तर तेव्हाही ती इतकीच ठामपणे बोलेल, हे मनात आलं आणि मी यांना हाक मारली. ते धावत आले. “काय झालं?” “काही नाही, बसा इथं जरा.” ते बसले.

आणि दुसरी गोष्ट. मी मॅडमना विचारलं होतं, डोक्याने जाऊबाईंचंच नाव का काढलं? त्या म्हणाल्या, मेंदूला रिकामी जागा सहन होत नाही, आधीचं काहीतरी उचलून तो ती भरतो. हे आधीचं काय होतं, ते मला एकटीलाच माहीत होतं. आता लिहिते. पल्लवी, हेही टाइप कर.

भाऊजी गेले त्याच्या पुढच्या संक्रांतीला माझ्याकडे हळदीकुंकू होतं. मी जाऊबाईंना बोलावलं नव्हतं, त्या आपल्या घरचं म्हणून आल्या, पिशवीभर संत्री घेऊन. ओळीत बसल्या. मी एकेकीला कुंकू लावत आले, त्यांच्यापाशी आले, आणि ताट पुढच्या बाईपाशी नेलं. नात्यातल्या चार म्हाताऱ्या बघत होत्या, दुसरं कारण नाही. जाऊबाई उठून गेल्या. मी मनात म्हटलं, समजून घेतील. फोन करायची लाज वाटली, मग लाजेची सवय झाली. म्हणजे ओका हात माझा नाही, हे माझ्या डोक्याने झटक्यानंतर शिकलेलं नव्हतं. धडधाकट होते तेव्हापासून त्याला ते पाठ होतं.

कोणाचा?

घरी येऊन दहा-बारा दिवस झाले होते. दुपारची वेळ, खिडकीतून ऊन येत होतं. जाऊबाई त्या हाताची मूठ उघडत होत्या. बोटं आखडायला लागली होती, म्हणून त्यांनी जोर लावला. आणि करंगळीपासून कोपरापर्यंत अशी कळ गेली, जशी मशीनची सुई बोटात घुसते तशी.

“अव माय वं! सोडा ना बाई! माझा हात मोडता का?”

जाऊबाई थांबल्या. हे पेपर घेऊन दारात आले आणि तिथंच उभे राहिले.

“कोणाचा?” जाऊबाईंनी विचारलं.

मी पाहिलं. तोच हात, तेल लावलेला, सुजलेला. अंगठ्याच्या बाजूला कात्रीचा जुना व्रण. तो व्रण मी लग्नाआधी शिवण शिकताना करून घेतला होता. महिनाभर तो माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मला दिसला नव्हता.

“माझा,” मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं.

जाऊबाईंनी हात सोडला नाही. त्या म्हणाल्या, “मंग आता तू सांग. अजून उघडू का राहू देऊ?”

इतक्या दिवसांत त्यांनी हे मला कधी विचारलं नव्हतं. मी डोळे पुसले आणि म्हटलं, “उघडा.”

सिनेमासारखं तिथे सगळं संपलं नाही, हेही सांगायला हवं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा परका वाटला. संध्याकाळी माझा. आठ-दहा दिवस असंच येणं-जाणं चाललं. पण आता मी व्यायामाला नाही म्हणत नव्हते. नाझनीन मॅडम म्हणायच्या, “आंटी, देखो उसको, नजर मत हटाओ,” आणि मी बघत बसायची. परका वाटला तरी बघायचं, एवढं मी ठरवून टाकलं. तुमच्या घरी असा पेशंट असेल तर त्याच्याशी वाद घालू नका. तो खोटं बोलत नसतो. त्याच्या त्या हाताजवळ बसा, त्याला तेल लावा. बाकी डॉक्टर सांगतील तसं.

आता वर्ष होत आलं. डावा हात साठ-सत्तर टक्के परत आला म्हणतात, मला टक्के कळत नाहीत. सरळ शिवण घालते, बाही लावायला वेळ लागतो, हुक लावता येत नाहीत, ते कुंदाबाईकडून लावून घेते. तेवढी शिक्षा तिला हवीच. पूर्वीची संध्या मीच का, असा प्रश्न कधी कधी पडतो. तिला हात आपसूक मिळाला होता, मला तो मागून घ्यावा लागला. पण ही संध्या मला काही वाईट वाटत नाही.

जाऊबाई दीड महिना राहिल्या. जायच्या दिवशी ओट्यावर ऑटोची वाट बघत बसलो होतो. मी सकाळपासून शब्द जुळवत होते. शेवटी म्हटलं, “बाई, त्या संक्रांतीला माझ्या हातून चूक झाली.”

“हाताले काहून मधात आणते वं? तो बिचारा. चूक तू केली.”

“हो,” मी म्हटलं. “मी केली.”

त्या वाकून ऑटो आला का ते पाहू लागल्या. मीच विचारलं, “मग एवढे दिवस माझं करताना तुम्हाला राग नाही आला?”

“आला ना. रोज येत होता. तेल घेतलं का याद यायची, इनंच ताट पुढं नेलं होतं. मंग अजून जोरानं रगडत होती.” त्यांनी पदर नीट केला. “तुले का वाटलं, नुसत्या पिरमानं बरा झाला तो?”

मी हसले. त्याही हसल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. भाऊजी गेले तेव्हासुद्धा मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. मी नुसता त्यांचा हात धरून बसले. ऑटो आला, हॉर्न वाजला, त्या उठायला लागल्या, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी डाव्या हाताने धरलं आहे आणि बोटं काही सुटत नाहीत. जाऊबाईंनीच ती एकेक करून उघडली.